अंधाऱ्या विवरातील गाठी

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या माणसाचे हात तुम्ही कधी नीट पाहिले आहेत का? दोराच्या टोकाला तो एक सरकफास करतो, तो कळशीच्या गळ्यात अडकवतो, एकदा ओढून पाहतो आणि कळशी खाली सोडतो. कळशी भरली की तिच्या वजनाने फास आवळतो. वजन जितके जास्त, तितकी पकड घट्ट! आणि कळशी वर येऊन काठावर टेकली, ताण गेला, की तोच फास दोन बोटांनी सैल होतो.

आपल्या भाषेत गाठींच्या दोन जाती सर्वांना ठाऊक आहेत. ओढू तितकी घट्ट होणारी आणि सोडवताना नखे दुखवणारी ती निरगाठ. एक टोक ओढताच सुटणारी ती सुरगाठ. निरगाठ विश्वासाची, सुरगाठ सोयीची. परंतु काही कामे अशी असतात की तेथे एकाच गाठीत हे दोन्ही गुण लागतात. विहिरीत कळशी सुटली तर गळ टाकून ती काढता येते. दोराच्या टोकाला कळशीऐवजी माणूस असेल तर मात्र गाठ सुटून चालणारच नाही. आणि काम झाल्यावर, थंडीने बधिर झालेल्या, चिखलाने माखलेल्या बोटांनी तीच गाठ सोडवताही आली पाहिजे. भूगर्भातील खोल गुहांत उतरणाऱ्या माणसांना हा प्रश्न रोजचाच असतो. त्यांनी तो कसा सोडवला, ते ह्या लेखात पाहू.

गुहा म्हटले की आपल्याला अजिंठा, वेरूळ, कार्ले आठवतात. पण ती लेणी. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. आपला सह्याद्री बेसाल्टचा आहे, आणि बेसाल्ट चुनखडीच्या दगडासारखा पाण्यात विरघळत नाही. चुनखडीच्या प्रदेशात गोष्ट वेगळी असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, दगडाच्या भेगांत शिरते आणि हजारो-लाखो वर्षे तो दगड विरघळवत राहते. अशा रीतीने जमिनीखाली बोगदे तयार होतात, आणि पाणी जेथे सरळ खाली कोसळते तेथे उभी विवरे तयार होतात. मेघालयात अशा नैसर्गिक गुहा पुष्कळ आहेत. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. तेथील ‘क्रेम लियात प्राह’ ही गुहा ३० किलोमीटरांहून लांब आहे.

उभ्या विवरांची खोली ऐकली तर छाती दडपते. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ‘गेपिंग गिल’ नावाचे विवर आहे. त्याचे तोंड उघड्या माळावर आहे आणि खोली ९८ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार आत उभा केला तर वर आणखी आठमजली इमारत राहील एवढी जागा! १८९५ साली एदुआर मार्तेल हा फ्रेंच संशोधक दोरांच्या शिडीवरून त्यात प्रथम उतरला. मेक्सिकोतील ‘सोतानो दे लास गोलोंद्रिनास’ हे विवर तर सुमारे ३३३ मीटर सरळ खाली जाते. पॅरिसचा आयफेल मनोरा त्यात जवळजवळ पूर्ण मावेल. १९६६ साली त्यात प्रथम उतरलेली माणसे एकाच दोरावर लोंबकळत खाली गेली आणि त्याच दोरावरून वर आली.

एक दोर, आणि तो वर कोठेतरी बांधलेला. सारा भरवसा ह्या दोन गोष्टींवर. आता विचारा, ह्या दोहोंपैकी जास्त काळजी कशाची करायची? बहुतेक जण म्हणतील, दोराची. तेव्हा प्रथम एक खरी घडलेली हकिगत ऐका.

पिरेनीजमधील अपघात

फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्या सरहद्दीवर पिरेनीज पर्वतात ‘प्येर सँ-मार्तँ’ नावाचे विवर आहे. जॉर्ज लेपिनो ह्याने ते १९५० साली शोधून काढले. त्याचा पहिला उभा टप्पाच ३०० मीटरांहून खोल आहे. एवढी लांब शिडी नेणे अशक्य, म्हणून संशोधकांनी वर विजेवर चालणारा रहाट बसवला आणि पोलादी तारेच्या दोराने एकेका माणसाला खाली सोडण्याची योजना केली. १९५२ च्या ऑगस्ट महिन्यात मार्सेल लुबाँ हा अनुभवी गुहासंशोधक असाच खाली उतरला. प्रसिद्ध ज्वालामुखीतज्ज्ञ हारून ताझिएफ हाही त्या वेळी विवराच्या तळाशी होता. काही दिवस तळाशी काम केल्यावर लुबाँची वर जाण्याची वेळ आली. त्याचा अंगपट्टा तारेला जोडला, वर खूण दिली, रहाट फिरू लागला. लुबाँ तळापासून काही मीटर वर गेला असेल नसेल, तोच तो खाली खडकांवर कोसळला.

पोलादी दोर तुटला होता का? मुळीच नाही. तारेचा दोर ताठ. त्याला सुताच्या दोरासारखी गाठ मारता येत नाही. म्हणून त्याचे टोक एका धातूच्या चिमट्यात आवळून त्याला अंगपट्टा जोडलेला होता. तो चिमटा निसटला. दोर शाबूत, पट्टा शाबूत, माणूसही धडधाकट. निकामी ठरला तो फक्त जोड. डॉक्टर त्याच विवरातून खाली उतरले, पण लुबाँ वाचला नाही. त्याचा देह वर आणण्यासाठी १९५४ साल उजाडावे लागले.

आता दोराचे आकडे पाहा. गुहेत वापरायचा आधुनिक दोर नायलॉनचा असतो. त्याची रचना आपल्या सुंभासारखी किंवा काथ्याच्या तीनपेडी दोरासारखी नसते. आत सरळ जाणाऱ्या धाग्यांचा गाभा असतो आणि बाहेरून विणलेले घट्ट वेष्टन. बहुतेक भार गाभा वाहतो. वेष्टन त्याला चिखलापासून आणि घासण्यापासून जपते. असल्या दोराला पीळ नसल्यामुळे त्यावर लोंबकळणारा माणूस भोवऱ्यासारखा गरगरत नाही. मोकळ्या विवरात शंभर मीटर लोंबकळायचे असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची!

युरोपीय मानकाप्रमाणे ह्या कामाच्या ‘अ’ प्रकारच्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२४० किलो वजनाइतका ताण सोसला पाहिजे. सामानासकट माणसाचे वजन ८० किलो धरले तर ही ताकद २८ पट झाली. ह्याच दोराच्या टोकाला गाठ मारली तर? तेव्हा मानक एवढेच मागते की त्याने १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५३० किलो इतका ताण तीन मिनिटे तरी धरावा. म्हणजे गाठ मारल्यामुळे दोर कमकुवत होतो हे मानकानेही गृहीत धरले आहे.

असे का व्हावे? एक जाड दोर हातात घेऊन वाकवून पाहा. वाकणाच्या बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात, आतल्या बाजूचे सैल पडतात. सरळ दोरात सर्व धागे सारखा भार वाहतात. वाकणावर मात्र बाहेरच्या धाग्यांवर अधिक बोजा येतो आणि तेच आधी तुटतात. वळण जितके तीव्र, तितका हा भेद मोठा. म्हणून ज्या गाठीतली वळणे मोठी आणि सावकाश असतात, ती गाठ दोराला कमी दुखावते.

तरीही १५३० किलो म्हणजे ८० किलोंच्या १९ पट. केवळ सरळ भाराने, गाठीच्या जागी तुटावा इतका दोर कमजोर नाहीच. मग गाठीच्या निवडीबद्दल एवढा खल कशाला? कारण गाठ तुटण्यापेक्षा गाठ चुकीची बांधली जाण्याचा धोका कितीतरी मोठा असतो. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढच्या साऱ्या गाठींचे मर्म कळेल.

गाठ धरते ती कशामुळे?

गाठ म्हणजे दोराने स्वतःलाच घातलेले वेढे. ती धरून राहते ती घर्षणामुळे. वेढ्यांची ताकद किती विलक्षण असते ते पाहायचे असेल तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना पाहावी. धक्क्यावरचा खलाशी फेकलेला दोर झेलतो, जाड लोखंडी खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळे टोक हातात धरून आरामात उभा राहतो. पलीकडे सबंध लाँच ओढ घेत असते!

ह्यामागचे गणित ऑयलर ह्या थोर स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले. वेढा वाढला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०·२५ धरला तर एका पूर्ण वेढ्याने तुमच्या हाताचा जोर सुमारे ५ पट होतो, दोन वेढ्यांनी २३ पट, आणि तीन वेढ्यांनी तब्बल १११ पट. म्हणजे एका हाताने १ किलोची ओढ दिली तर पलीकडे १११ किलो तोलून धरता येतील. घरी केरसुणीच्या दांड्याला सुतळी गुंडाळून करून पाहा. एका टोकाला पाण्याने भरलेली बाटली बांधा आणि दुसरे टोक दोन बोटांत धरा. एक वेढा, दोन वेढे, तीन वेढे. प्रत्येक वेळी बोटांना फरक जाणवेल.

गाठीत आणखी एक युक्ती असते. खुंटावरच्या दोराचे मोकळे टोक माणसाला धरावे लागते. गाठीत ते टोक दुसऱ्या वेढ्याखाली दाबलेले असते, आणि तो वेढा दाबला जातो तो भारानेच. भार वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की घर्षण वाढते. गाठ स्वतःच स्वतःचे टोक धरून बसते. कळशीच्या फासाचे गुपितही हेच. पण ह्याची दुसरी बाजूही आहे. भार गेला, दोर सैल पडून हलू लागला, की काही गाठी आपोआप ढिल्या होतात. नायलॉनचा नवा दोर तर गुळगुळीत असतो. म्हणून गाठीबाहेर टोकाचे चांगले वीतभर शेपूट शिल्लक ठेवतात. आखूड शेपटाची गाठ गुहेत कोणी पसंत करत नाही.

इंग्रजी आठाची गाठ

आता मुख्य गाठीकडे वळू. दोर खडकाला बांधायचा तर खडकात पोलादी बोल्ट ठोकतात आणि त्यात कॅराबिनर, म्हणजे झडप असलेली धातूची कडी, अडकवतात. ह्या कडीत अडकवायला दोराला एक फास हवा. पण तो सरकफास नको, आपल्या जागी स्थिर राहणारा हवा. असा फास करण्याच्या कितीतरी रीती आहेत. त्यांतली गुहासंशोधकांची आवडती म्हणजे इंग्रजी 8 च्या आकाराची गाठ. आपण तिला आठाची गाठ म्हणू.

दोन मीटर दोरी घ्या आणि बांधून पाहा. टोकाजवळची दोरी दुमडून दुहेरी करा आणि ह्या दुहेरी दोरीला एकच दोरी समजा. तिचा एक वळसा करा, दुमडलेले टोक उरलेल्या दोरीच्या वरून न्या, मागून फिरवून पुन्हा पुढे आणा आणि पहिल्या वळशात समोरून आत घाला. ओढा. साध्या गाठीपेक्षा येथे फक्त अर्धा फेरा अधिक पडतो. पण त्या अर्ध्या फेऱ्याने गाठीतली वळणे मोठी होतात, दोर कमी दुखावतो, आणि नंतर गाठ सोडवणेही सोपे जाते.

बांधलेली गाठ आता नीट निरखून पाहा. सगळीकडे दोन-दोन दोऱ्या शेजारी-शेजारी, आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर गेलेल्या दिसतील. अशा पाच जोड्या मोजता आल्या तर गाठ बरोबर. कोठे दोन दोऱ्या एकमेकींवर चढल्या असतील, कोठे एकटीच दोरी दिसत असेल, तर गाठ पुन्हा बांधायची.

ह्यापेक्षा दोराला किंचित कमी दुखावणारी गाठ आहे. आणखी अर्धा फेरा दिला की होणारी ती नवाची गाठ. जाड भारासाठी काही जण तीच वापरतात. बोलाइन नावाची खलाशांची गाठ तर आठाच्या गाठीपेक्षा झटपट बांधता येते आणि कितीही भार पडला तरी सहज सुटते. झाडाच्या बुंध्याला किंवा मोठ्या शिळेला दोर बांधायचा असेल तेव्हा ती फार सोयीची. मग पहिला मान आठाच्या गाठीला का?

विवराच्या तोंडाशी उभे राहून विचार करा. अंधार मिट्ट. प्रकाश फक्त शिरस्त्राणावरच्या दिव्याचा. वरून पाणी ठिबकते आहे, दोर चिखलाने मातकट झाला आहे. एकाने गाठ बांधली, आणि त्यामागून पाच जण त्याच दोरावरून उतरणार आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला एका नजरेत कळले पाहिजे की गाठ बरोबर आहे. आठाची गाठ चुकली तर चुकल्यासारखी दिसते. बोलाइनचे तसे नाही. तिच्यात टोक एका बाजूने जायच्याऐवजी दुसऱ्या बाजूने गेले तरी वरवर पाहता ती ठीकच वाटते. शिवाय भार नसताना हलून हलून ती ढिली होण्याची शक्यता असते. म्हणून बोलाइन बांधली तर तिच्या शेपटाची आणखी एक गाठ मूळ दोरावर मारून ठेवतात. मला स्वतःला बोलाइन फार देखणी वाटते. पण दुसऱ्याचा जीव ज्या गाठीवर टांगायचा, तिच्यात देखणेपणापेक्षा उघडपणा अधिक मोलाचा.

दोन आधार आणि ओली साडी

लुबाँच्या अपघातात जोड एकच होता, हे तुमच्या लक्षात आले असेल. आज विवराच्या तोंडाशी दोर एकाच बोल्टला कधी बांधत नाहीत. किमान दोन आधार घेतात. एक निकामी झाला तर दुसरा आहेच. पुष्कळदा हे दोन बोल्ट समोरासमोरच्या भिंतींत असतात, आणि दोर दोहोंपासून तिरपा येऊन मध्यभागी इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात खाली लोंबतो. त्यामुळे तो भिंतीपासून दूर राहतो. ह्यासाठी आठाच्या गाठीचाच एक प्रकार वापरतात. त्यात एकाऐवजी दोन फास निघतात आणि ते सशाच्या कानांसारखे दिसतात, म्हणून तिला ‘ससेकान’ म्हणायला हरकत नाही. एक कान लांब, दुसरा आखूड करून भार दोन्ही बोल्टांवर सारखा वाटता येतो.

सारखा वाटता येतो, म्हणजे निम्मा-निम्मा का? येथे भौतिकीच्या पुस्तकातला बलांचा समांतरभुज चौकोन आठवा. दोन फासांमधला कोन अगदी लहान असेल तर ८० किलोंच्या माणसासाठी प्रत्येक बोल्टवर जवळजवळ ४० किलो भार येतो. कोन ६० अंशांचा झाला की ४६ किलो. ९० अंशांना ५७. आणि १२० अंशांना? प्रत्येकी पूर्ण ८० किलो! दोन आधार घेऊनही प्रत्येकावर सगळे वजन. कोन १५० अंशांचा केला तर प्रत्येक बोल्टवर १५५ किलोंची ओढ बसते आणि १७० अंशांना ४५९ किलोंची.

विश्वास बसत नसेल तर घरातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे पाहा. दोरी जितकी ताणून बांधावी तितका तिच्या दोन भागांतला कोन १८० अंशांच्या जवळ जातो. मग एक ओली साडी मधोमध टाकली की भिंतीतला खिळा उपटून येतो. साडीचे वजन किती असणार? उपटला खिळा तो कोनाने. दोरीला थोडा झोल ठेवला असता तर खिळा जागच्या जागी राहिला असता. गुहेत दोर बांधणारा माणूस हाच हिशेब डोळ्यांनी करतो आणि दोन फासांमधला कोन शक्यतो काटकोनापेक्षा लहान ठेवतो.

फुलपाखरू

दोराचा खरा वैरी भार नव्हे, खडकाची धार. नायलॉनचा दोर भाराखाली थोडा लांबतो. माणूस वर चढताना प्रत्येक हिसक्यासरशी दोर लांब-आखूड होतो, आणि कोठे खडकाला टेकला असेल तर त्याच जागी करवतीसारखा मागे-पुढे घासतो. शंभर हिसके, दोनशे हिसके... ज्या दोराने २२४० किलो तोलले असते तो एका माणसाच्या वजनाखाली कापला जाऊ शकतो. म्हणून दोर कोठेही खडकाला लागू नये अशीच बांधणी करायची, हा गुहेतला पहिला नियम.

विवर सरळ नळीसारखे क्वचितच असते. मध्येच कंगोरा पुढे येतो. अशा ठिकाणी कंगोऱ्याजवळ नवा बोल्ट ठोकून दोर तेथे पुन्हा बांधतात. म्हणजे वरचा टप्पा वेगळा, खालचा वेगळा. दोन्ही मोकळे लोंबणारे. ह्या मधल्या बांधणीचा आणखी एक फायदा असा की वरच्या टप्प्यावर एक आणि खालच्यावर दुसरा माणूस एकाच वेळी चढू शकतो.

दोराच्या मधोमध फास हवा, आणि ओढ मात्र वरून, खालून किंवा फासातून, कोणत्याही दिशेने येईल. अशा वेळी कामाला येते ती फुलपाखरू गाठ. तिचे दोन वेढे पंखांसारखे दिसतात म्हणून हे नाव. दोर उतरताना कोठे खरचटलेला आढळला, वेष्टन फाटून आतला पांढरा गाभा डोकावू लागला, तर हीच गाठ कामी येते. जखमी भाग फुलपाखराच्या फासात येईल अशी गाठ मारली की भार गाठीच्या दोन बाजूंमधून जातो आणि जखमेवर काहीच पडत नाही. चढणाऱ्याला मात्र ती गाठ ओलांडावी लागते. त्यासाठी लोंबकळत असतानाच चढण्याची साधने एकेक करून सोडून गाठीच्या वर लावायची. हे आधी शिकावे लागते.

शेवटची गाठ, आणि न मारायची गाठ

सर्वांत सोपी गाठ दोराच्या खालच्या टोकाला असते, आणि ती विसरली तर सर्वांत वाईट अपघात घडतो. दोर ६० मीटरांचा आणि विवर ६५ मीटरांचे निघाले तर काय होईल? उतरणारा माणूस अंधारात घसरत येतो, दोर त्याच्या साधनातून सरकत असतो, आणि एका क्षणी दोर संपतो. म्हणून दोर विवरात सोडण्यापूर्वीच टोकाच्या थोडे वर एक ठसठशीत गाठ मारून ठेवतात. ती साधनातून जाऊ शकत नाही. माणूस तेथेच अडतो.

दोर अपुरा असेल तर दोन दोर जोडावे लागतात. तुमच्यापैकी जे स्काउट किंवा गाइड आहेत ते लगेच रीफ नॉट सुचवतील. तीच ती उजवे डाव्यावर, डावे उजव्यावर अशी बांधायची चपटी गाठ. बँडेज बांधायला ती उत्तम. पण तिच्या एका बाजूचे मोकळे टोक आणि त्याच बाजूचा मूळ दोर धरून त्यांना परस्परविरुद्ध दिशांना जोराने हिसका देऊन पाहा. गाठ एकदम उलटते. एक दोर सरळ होतो आणि दुसऱ्याचे वेढे त्यावरून अंगठीसारखे सरकून निघतात! क्लिफर्ड ॲशले ह्या अमेरिकन लेखकाने १९४४ साली गाठींचा एक प्रचंड कोश प्रसिद्ध केला. त्यात ३८०० हून अधिक नोंदी आहेत. दोर जोडायला रीफ नॉट वापरल्यामुळे गेलेले बळी इतर सर्व गाठींच्या एकत्रित बळींपेक्षा बहुधा जास्त असतील, असे त्याचे मत होते. गुहेत दोन दोर जोडायला दुहेरी कोळी-गाठ वापरतात. प्रत्येक दोराचे टोक दुसऱ्या दोराभोवती दोन वेढे घेऊन स्वतःच्याच वेढ्यांतून जाते, आणि ओढले की दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात.

दोर बांधून झाला, माणूस खाली पोहोचला. आता वर यायचे कसे? कार्ल प्रुसिक ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ह्यासाठी एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा बंद फास घेऊन तो जाड दोराभोवती दोन-तीनदा स्वतःच्याच आतून गुंडाळायचा. फासावर भार टाकला की वेढे दोराला आवळून धरतात. भार काढला की गाठ हाताने वर सरकवता येते. असे दोन फास घेतले की एकावर उभे राहायचे, दुसरा वर सरकवायचा, मग त्यावर भार टाकून पहिला सरकवायचा. अशा रीतीने माणूस सुरवंटासारखा वर चढतो. आजकाल ह्या कामासाठी दातेरी झडपेची धातूची साधने आहेत, पण ते हातातून पडले तर प्रुसिकच कामी येतो. मात्र भाराखाली असताना ही गाठ दोरावरून वेगाने घसरू देणे घातक. नायलॉन २१५ ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि नायलॉनवर नायलॉन जोराने घासले तर तेवढी उष्णता उत्पन्न व्हायला वेळ लागत नाही.

ही गाठ घरी करून पाहण्याजोगी आहे. वाळत घालायच्या जाड दोरीचा तुकडा खिळ्याला उभा टांगा, बारीक सुतळीचा फास तिच्यावर गुंडाळा आणि फासाला पाण्याची बाटली अडकवा. एका वेढ्याने काय होते? दोन आणि तीन वेढ्यांनी? सुतळीऐवजी दोरीइतक्याच जाडीचा फास घेतला तर पकड का सुटते? ऑयलरचे गणित पुन्हा एकदा वाचून उत्तर शोधा. फक्त बाटलीच टांगा, स्वतःला टांगू नका! गाठी शिकायला जमीन पुरते. पुढे मोठे झाल्यावर जाणत्या माणसांबरोबर सह्याद्रीत प्रस्तरारोहणाला गेलात तर ह्याच गाठी तेथे भेटतील.

गुहेतली मोहीम संपते तेव्हा सगळे जण एकामागून एक वर येतात. सर्वांत मागून येणाऱ्याकडे एक खास काम असते. तो प्रत्येक मधल्या बांधणीशी थांबतो, कॅराबिनर सोडतो, फुलपाखरू आणि आठाच्या गाठी उकलतो आणि दोर पिशवीत भरत वर येतो. दिवसभर पाच-सहा माणसांच्या भाराने आवळलेल्या, चिखल मुरलेल्या त्या गाठी असतात. तो गाठ दोन्ही हातांत धरून आधी मागे-पुढे वाकवतो, मग बाहेरचा वेढा अंगठ्याने थोडा लोटतो. वेढा सरकला की बाकीची गाठ हातात मोकळी होते. घरी आल्यावर दोर स्वच्छ पाण्यात धुतात, सावलीत वाळवतात, आणि वाळल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सबंध दोर बोटांतून सरकवत तपासतात. कोठे मऊ लागते का, कोठे खरखरीत लागते का, गाभा कोठे पोकळ भासतो का? तसे आढळले तर तेथेच दोर कापून दोन आखूड दोर करतात.